सीमेवरचा मासा आणि वाळव्याचं तळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, वाळव्याच्या क्षारपड रानात तळं खोदून तुम्ही कटला-रोहू काढता, त्यामुळे भारत-बांगलादेश सीमेवरचा मासळीचा व्यापार सोपा करावा, हा माझा लेख तुम्हाला झोंबला हे समजू शकतो. तुमचं म्हणणं असं : सीमेवरचा व्यापार सोपा केला की बांगलादेशचा स्वस्त मासा येऊन तुमचं तळं आतबट्ट्यात जाणार, तो मासा फॉर्मालिन (सडू नये म्हणून मारतात ते घातक रसायन) मारलेला असतो, आणि सांगलीत बसून मला बंगालच्या इलिशची, म्हणजे हिलसा माशाची, उठाठेव कशाला?

कटला-रोहूची वाट मुळात उलटी आहे. आंध्रातून बर्फात भरून तो पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून बांगलादेशात जातो. तिकडून येतो पाबदा मासा, हंगामात इलिश, आणि आखौरा या बांगलादेशातल्या सीमानाक्यावरून त्रिपुरात जाणारी मासळी. यातलं मिरजेच्या बाजारात काय दिसतं, सांगा! तुमचा भाव पाडतो तो आंध्राचाच मासा, आणि त्याला वाटेत एकही सीमा लागत नाही. त्रिपुराचं तसं नाही. तीन बाजूंनी बांगलादेश, आखौरा आगरतळ्याला खेटून. मे २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशच्या बऱ्याच मालाला ईशान्येतली नाकी बंद केली, तेव्हाही मासा वगळावा लागला.

फॉर्मालिनचं म्हणाल, तर जुलै २०१८ मध्ये गोव्यानं परराज्यातल्या मासळीवर बंदी घातली आणि आसामनं आंध्राच्या माशावर. म्हणजे संशय होता तो आपल्याच देशातल्या मालावर. वाट लांबते, बर्फ पुरत नाही, तिथं हे औषध मारायचा मोह होतो. नाक्यावर गाडी ताटकळली की तो वाढतोच. तपासणी काढून टाका असं मी कुठंच लिहिलेलं नाही. ती नाक्यावरच व्हावी, एका देशाचा दाखला दुसऱ्यानं मानावा आणि नाशवंत मालाची रांग वेगळी असावी, एवढंच मागणं आहे.

आणि नियम आधी कळावेत. इलिशचंच बघा. बांगलादेशानं २०१२ मध्ये निर्यात थांबवली, २०१९ पासून दुर्गापूजेपुरती सूट द्यायला लागले. २०२४ मध्ये आधी नाही म्हणाले, मग ३,००० टनांना होकार, पुढे तो आकडा २,४२० टनांवर आला. सप्टेंबर सरता सरता माल निघाला आणि १३ ऑक्टोबरपासून अंडी घालण्याच्या काळातली २२ दिवसांची मासेमारीबंदी लागली. ती बंदी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण परवानगीच इतकी उशिरा आली, तर मंजूर झालेला माल येणार कधी? अशा घाईत कमावतो तो ज्याच्या हातात परवाना आहे तो. जाळं ओढणाऱ्याच्या पदरात त्यातलं फारसं पडत नाही. २०२५ मध्ये तर १,२०० टनांवरच आले.

राहिली उठाठेव. तासगावची द्राक्षं बांगलादेशात जातात ती याच पेट्रापोलवरून. तिकडं आयात शुल्क वाढलं की इथल्या बागेतला दर उतरतो, हे तुमच्या शेजारच्या बागायतदारालाही विचारा.

रोगाबद्दल मात्र तुम्ही ओझरतं लिहिलंय, आणि खरं तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. १९८८ मध्ये माशांचा व्रणरोग आधी बांगलादेशात दिसला आणि काही महिन्यांतच ईशान्य भारतात. त्यामुळे बर्फातल्या माशाला आणि जिवंत बोटुकलीला (तळ्यात सोडायच्या बोटाएवढ्या पिल्लाला) एकच नियम लावू नये, मत्स्यबीजाला विलगीकरण सक्तीचं असावं, असं माझंही मत आहे. तुम्ही बीज कुठून आणता आणि त्याची तपासणी कोणी करतं का, ते जरूर लिहा. पुढचा लेख त्यावरच करायचा आहे.