गुआगुआ रात्रभर रडत होती

स्पॅनिशची तिसरी पातळी कशीबशी पास झालो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता एखादं पुस्तक वाचायला घ्या. कुठलंही." त्या 'कुठलंही'नेच घात केला.

वीस देशांत ही भाषा चालते म्हणून मी क्लास लावला. वीस देशांत ती वीस तऱ्हांनी चालते, हे फी भरताना कुणी बोललं नव्हतं.

सुरुवात क्युबातल्या एका गोष्टीने केली. तिथे गुआगुआ म्हणजे बस. वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं. पुढची गोष्ट चिलीची निघाली. तिच्यात मध्यरात्री गुआगुआ रडायला लागते. आई धडपडत उठते, तिला मांडीवर घेते, तिचा लंगोट बदलते. मी थक्क! लॅटिन अमेरिकेतला जादुई वास्तववाद म्हणतात तो हाच, असं समजून समासात 'वा!' असंही लिहिलं. बस दूध प्यायली तेव्हा मात्र शब्दकोश उघडला. चिलीत गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ. शब्द क्वेचुआ भाषेतून आलेला. समासातला 'वा!' अजून खोडलेला नाही.

मग म्हटलं, चित्रकथा सोपी जाईल. किनोची 'माफाल्दा' आणली. 1964 ते 1973 या काळातली, सूप म्हटलं की तोंड वाकडं करणारी पोर. पण ती अर्जेंटिनाची. अख्ख्या स्पॅनिशमध्ये मला शिकण्याआधीच येत असलेला एकच शब्द होता: 'तू'. उच्चार आपला, अर्थही आपलाच. अर्जेंटिनाने नेमका तोच काढून तिथे 'वोस' बसवलाय. क्रियापदंही त्याच्यामागून फिरली: 'तिएनेस'चं 'तेनेस' झालं.

मग स्पेनचंच वाचावं? मॅडम शिकवतात तेही तिथलंच. त्यातलं बस 'पकडण्याचं' क्रियापद, 'कोहेर', मी ऑनलाइन सरावात एका मेक्सिकन बाईंपुढे अगदी निरागसपणे वापरलं. बाई हसत हसत कॅमेऱ्याबाहेर गेल्या. तिकडचा अर्थ इथे देत नाही, माझं लिखाण आई वाचते.

आईनेच परवा विचारलं, "एवढं काय अडलंय?"

"अगं, अननसाला बहुतेक ठिकाणी पिन्या म्हणतात, अर्जेंटिनात अनाना."

"मग तिथलंच घे की. आपलंच वाटतंय."

"पण तिथे बटाटा म्हणजे पापा, आणि बताता म्हणजे रताळं!"

आई साबुदाणा भिजवत होती. वर न बघता म्हणाली, "मग बिघडलं कुठे? उपासाला दोन्ही चालतात."