रात्री दहानंतरची बाग

कोकणातल्या घराच्या बागेत दिवे लावायचे ठरल्यापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले आहेत. काकांना चारही कोपऱ्यांत फ्लडलाइट हवेत. त्यांची नात म्हणते, काजवे जातील. मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो, म्हणून "तुमच्याकडे काय करतात रे?" हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला.

इथे एका घराच्या शोभेच्या रोषणाईचा वाद २०१३ मध्ये थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निकाल लागला तो असा: शोभेचे दिवे रात्री दहाला बंद, नाताळच्या दिवसांत एकपर्यंत सूट. नात खूश, काकांच्या मते हे परदेशी फॅड. (तसं आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पालाही २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली आहे, पण ते असो.)

हा दहाचा नियम उचलून कोकणात लावणं मलाही पटत नाही. इथे माझ्या दारात फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, येत नाही. तिकडे पावसाळ्यात मागच्या पडवीतून विहिरीकडे जायचं तर उजेड हवाच, आणि तो बारा वाजताही हवा.

पण त्या कामाला फ्लडलाइट कुचकामी. उंचावरचा झगझगीत दिवा डोळ्यांवर येतो, बाहुली आकसते आणि पायरीखालचा, जांभ्याच्या फटीतला अंधार उलट आणखी दाट होतो. फुरसं बसतं ते अशाच जागी. त्यापेक्षा वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे, वरून टोपी असलेले, खाली तोंड केलेले दिवे लावा. २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. पांढऱ्याशुभ्र दिव्यांवर किडे जास्त झेपावतात. मोशन सेन्सर लावला की माणूस गेल्यावर पुन्हा काळोख. काजव्याचा नर चमकून मादीला खुणावतो, ती खूण दिसायला काळोखच लागतो. आंब्यावर खालून मारलेले हिरवे दिवे कुणासाठी असतात, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही.

वायरिंगवर ग्रुपमध्ये कुणीच बोलत नाही. कोकणच्या पावसात दिवे निदान आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे हवेत आणि बागेच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. यात घासाघीस नको.

फाटकावरच्या एका फ्लडलाइटसाठी काका अजून अडून बसलेत. लावा म्हटलं, पण तोंड खाली आणि सेन्सरसकट.