मोटरवेवरचे रिफ्लेक्टर म्हणजे सिग्नल नव्हेत

"मावशी, मोटरवेवर रस्त्यात बसवलेले हिरवे रिफ्लेक्टर दिसले की तिथे गाडी उभी करता येते ना?" लेस्टरला राहणाऱ्या भाचीने परवा फोनवर विचारलं. गाडीच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेचा, थिअरी टेस्टचा, अभ्यास चाललाय तिचा. हे ज्ञान आलं कुठून, तर इथल्या, ब्रिटनमधल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. फॉरवर्ड असा: ब्रिटनच्या मोटरवेवर लाल रिफ्लेक्टर म्हणजे पुढे धोका, लगेच ब्रेक मारा, केशरी म्हणजे स्पीड कॅमेरा, हिरवे म्हणजे थांबायला परवानगी, आणि सगळ्यांत बॅटरी असते, पोलीस रंग बदलतात. खाली 'सर्वांना पाठवा'.

कृपा करून पाठवू नका.

हायवे कोडचा, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तकाचा, नियम 132 वाचायला एक मिनिट लागतं. पांढरे रिफ्लेक्टर दोन लेनच्या मध्ये. लाल रस्त्याच्या डाव्या कडेला. केशरी उजवीकडे, दुभाजकाच्या बाजूला. हिरवे जिथे स्लिप रोड (आत-बाहेर जाण्याचा जोडरस्ता) किंवा ले-बाय (कडेला गाडी थांबवायची जागा) मुख्य रस्त्याला मिळतो तिथे. रंग फक्त जागा सांगतो.

हिरव्याबद्दलची थाप तर जीवघेणी आहे. रात्री डाव्या लेनमधून जाताना डावीकडची लाल रांग एके ठिकाणी संपते आणि हिरवी सुरू होते. ते एक्झिटचं तोंड. बाहेर पडणाऱ्या गाड्या त्याच हिरव्या रांगेवरून डावीकडे वळतात, ताशी 70 मैलांच्या आसपास. त्या वेगाला थांबायला 96 मीटर लागतात, हेही हायवे कोडमध्येच दिलंय. तिथे कुणी 'परवानगी आहे' म्हणून चहाचा थर्मास उघडून बसला तर मागच्याने करायचं काय? आणीबाणी सोडून स्लिप रोडवर थांबायला कायद्याने बंदी आहे.

लाल दिसला की ब्रेक मारायचा, तर मग मोटरवेवर मैलोन्मैल ब्रेकच मारत बसावं लागेल. उलट लाल रांग तुमच्या उजव्या हाताला दिसायला लागली तर सावध व्हा, तुम्ही हार्ड शोल्डरवर, म्हणजे आणीबाणीसाठीच्या कडेच्या पट्ट्यावर, चढला आहात. कॅमेऱ्याचा आणि केशरी रंगाचा काडीचा संबंध नाही.

बॅटरीचं म्हणाल तर काही ठिकाणी सौर दिव्यांचे रिफ्लेक्टर बसवलेत, तेवढं खरं. पण पर्सी शॉ या यॉर्कशरच्या माणसाने 1930 च्या दशकात काढलेल्या कॅट्स आयमध्ये, म्हणजे रस्त्यात बसवायच्या मूळ रिफ्लेक्टरमध्ये, काच, रबर आणि बिडाची चौकट एवढंच होतं. प्रकाश तुमच्याच हेडलाइटचा परत येतो. वरून चाक गेलं की काच खाली दबते आणि रबर तिला पुसून काढतं.

रंग पाहून जपून चालवावं असं आणखी एक ठिकाण आहे: रस्त्याचं काम चालू असतं तिथे लावलेले पोपटी रिफ्लेक्टर. लेन तात्पुरत्या सरकवल्यात, एवढाच त्यांचा अर्थ.

ग्रुपच्या अॅडमिननी तो फॉरवर्ड आजच काढून टाकावा आणि त्या जागी नियम 132 टाकावा. थिअरी टेस्टला बसणारी आणखी पोरं आहेत त्या ग्रुपवर.