मुलाचं नाव आईच्या अकाउंटवर गेलं: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आज सकाळी, त्या दिवशी काउंटरवर असलेल्या, दुकानात काम करणाऱ्या मुलाला शेजारी बसवून पुन्हा वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मुलाचा टॅबलेट आमच्याकडून चालू करून नेला आणि दोन दिवसांनी तुम्ही शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांना पाठवलेला मेल मुलाच्या नावाने गेला, शेजारी कार्टूनचं चित्र. टॅबलेटवर तुमच्या घरचे फोटो दिसायला लागले. फोन करून विचारलं तर आमच्याकडून उत्तर आलं, "रीसेट मारावं लागेल, ३०० रुपये होतील." हे सगळं खरं आहे. चूक आमची आहे, आणि मी मनापासून माफी मागतो.

झालं असं. टॅबलेटच्या कव्हरमध्ये तुमच्या मेल आयडीची आणि पासवर्डची चिठ्ठी होती. आमच्या काउंटरवरच्या मुलाने तेच अकाउंट टॅबलेटवर टाकलं. वर तुमचं नाव दिसलं, टॅबलेट तर पोराचा, म्हणून त्याने नाव बदललं आणि कार्टून लावलं. आपण टॅबलेटला नाव देतोय, असं त्याला वाटलं. पण ते नाव टॅबलेटचं नसतं, माणसाचं असतं. गूगल अकाउंटचं नाव एका जागी बदललं की तुमच्या फोनवर, शाळेतल्या कॉम्प्युटरवर, तुम्ही पाठवाल त्या प्रत्येक मेलवर तेच जातं. शाळेच्या बाईंचा अहवाल तिसरीतल्या पोराच्या नावाने वर गेला, हे वाचून मला फार ओशाळल्यासारखं झालं. गेलेल्या मेलवरचं नाव आता बदलता येत नाही. तुम्हाला हवं असेल तर, चूक दुकानाची होती असं पत्र मी दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह देतो. ते केंद्रप्रमुखांना दाखवा.

एका गोष्टीवर मात्र बोलायला हवं. "दुकानवाल्यांनी फोटो काढून घेतले" असं तुम्ही लिहिलंय. तसं झालेलं नाही. तुमच्या अकाउंटमध्ये साठलेले फोटो, ते अकाउंट टॅबलेटवर टाकल्यामुळे तिथे दिसले. २०१९ च्या पुरानंतर लोक चिखलात भिजलेले फोन घेऊन आमच्याकडे यायचे. नवा फोन राहू दे, आतले फोटो तेवढे काढून द्या, म्हणायचे. कुणाच्या घरचे फोटो म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा पाहिलंय. तरीही माझ्या शब्दावर राहू नका. आज आधी पासवर्ड बदला. मग फोनमध्ये गूगल अकाउंटच्या सुरक्षा विभागात जाऊन तुमचं अकाउंट कुठल्या कुठल्या यंत्रांवर चालू आहे ती यादी बघा, आणि अनोळखी काही दिसलं तर तिथूनच साइन आउट करा. क्रोममध्ये बँकेचे वगैरे पासवर्ड सेव्ह असतील तर तेही बदला, कारण ते फोटोंसारखेच टॅबलेटपर्यंत पोचलेले असू शकतात.

रीसेट मारायची गरज नाही. तो सल्ला घाईचा होता आणि चुकीचा होता. रीसेट मारलं असतं तर मुलाने त्यावर काढलेली चित्रं, रेकॉर्ड केलेली कविता, जे बॅकअपला गेलं नसेल ते सगळं गेलं असतं. आधी ते पेन ड्राइव्हवर काढून ठेवू. तुमचं नाव तुमच्या फोनवरूनच परत लावू. मग टॅबलेटवरून तुमचं अकाउंट काढू. त्याने तुमचे मेल किंवा फोटो पुसले जात नाहीत, फक्त त्या टॅबलेटवरून जातात. त्यानंतर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून, तुमच्या संमतीने, मुलाचं स्वतःचं नवं अकाउंट उघडू. कुठलं ॲप चालेल, किती वेळ चालेल, हे तुमच्या फोनवरून ठरेल. त्या दिवसांत त्याने बघितलेली कार्टून तुमच्या यूट्यूब हिस्टरीत गेली असतील. तारीख धरून तेवढीच पुसता येतात. गेममधली त्याची प्रगती नव्या अकाउंटवर येईलच असं नाही, आणि प्ले स्टोअरवर काही विकत घेतलं असेल तर ते तुमच्याच अकाउंटकडे राहील. पोरगं हिरमुसेल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

जन्मतारीख खरीच टाकायची. लहान मुलाचं अकाउंट पटकन व्हावं म्हणून वडिलांचं जन्मसाल टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, आमच्याकडेही होती. मग गूगलच्या लेखी ते पोर मोठा माणूस होतं, आणि जाहिरातींपासून ॲपपर्यंत सगळं त्याच्यासमोर मोठ्यांचं येतं. आजपासून आमच्या काउंटरवर हे बंद. पासवर्डची चिठ्ठीही कुणाकडून घ्यायची नाही, असं पोरांना बजावलंय.

तुमचे सेटिंगचे २५० रुपये परत करतो आणि हे काम फुकट आहे. तुमची शाळा असते, म्हणून रविवारी सकाळी दहाला मी स्वतः दुकान उघडतो. टॅबलेट आणि तुमचा फोन दोन्ही चार्ज करून आणा, मुलालाही घेऊन या. तुम्ही समोर बसायचं, आणि पासवर्ड विचारेल तिथे तो तुम्हीच टाकायचा.