आमचा केसपेपर कोण काढणार?

डॉक्टर-नर्सेस स्वतःच्या मनाने पेनकिलर खातात म्हटलं की लोकांना आश्चर्य वाटतं. यांना तर सगळं कळतं! कळतं, आणि हाताशीही असतं. कंबर धरली की कुणाच्या तरी पर्समधून ॲसिक्लो-पॅरा निघते. फारच झालं तर "मार गं एक डायक्लो" म्हणून ड्रेसिंग रूममध्ये इंजेक्शन घ्यायचं आणि पुढच्या ॲडमिशनला उभं राहायचं. हीच औषधं चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं आम्ही नातेवाइकांना दिवसभर ऐकवतो.

माझ्या मते खरी गडबड केसपेपर नसण्यात आहे. पेशंटला आम्ही विचारतो: बीपीची गोळी चालू आहे का, अल्सर, दमा, किडनीचं काही? आम्हाला कोण विचारतं? पन्नाशीच्या कितीतरी सिस्टर बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, सोबत लघवी वाढवणारी गोळी. बाथरूमला जायला सवड नाही म्हणून ड्यूटीवर पाणी पीत नाहीत. त्यावर डायक्लो. किडनीत रक्त आणणारी नळी मोकळी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं लागतात, पेनकिलर तीच कमी करते. टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नळी सैल करते. म्हणजे गाळणीतला दाब दोन्हीकडून पडतो, आणि अंगात पाणी आधीच कमी. परीक्षेत हे लिहून आम्ही पास झालोय. तरी उत्तर ठरलेलं, "पॅन्टो घेतलीय ना सोबत!" अहो, पॅन्टो जठर सांभाळते, तिचा किडनीला काय उपयोग?

डोकेदुखीचं निराळंच. नाइट, अर्धवट झोप, ठणका, गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं. उपाय गोळी थांबवण्याचा, आणि थांबवल्यावर सुरुवातीला डोकं आणखी चढतं. त्या दिवसांत रजा मिळेल?

रजा न देणाऱ्या मेट्रन मॅडमना मी दोष देत नाही. एक सिस्टर घरी बसली की तिचे पेशंट दुसरीच्या गळ्यात, हे आजारी पडणारीलाही दिसतं. म्हणून ती गोळी गिळून येते. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ पासून केंद्राचे निर्देश आहेत: ड्यूटी सलग जास्तीत जास्त १२ तास, आठवड्याला ४८. सर्जरीच्या फर्स्ट इयरला वाचून दाखवा, हसेल तो. (जागा असला तर.)

आणि मामा-मावशींचं, म्हणजे वॉर्डबॉय-आयांचं, तर कुणी नावच काढत नाही. पेशंट उचलून, ट्रॉल्या ढकलून सगळ्यात जास्त कंबर त्यांची जाते. त्यांना गोळी देतो आम्हीच, काही न विचारता.

भिंतीवर आणखी एक पोस्टर लावू नका. ड्यूटी बदलायच्या वेळी अर्धा तास स्टाफची ओपीडी ठेवा. रीतसर केसपेपर, बीपी, वर्षातून एकदा किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, आणि मामा-मावशी त्याच रांगेत. लॅब तर आपल्याच इमारतीत आहे.