टास्कबार शफल : 'रिकामटेकड्या' कामाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

"घड्याळाशेजारचे आयकॉन ओळीत लावत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम, ज्याला खरंच काम असतं तो शोधून घेतो," असं तुम्ही लिहिलंत. टास्कबार शफल, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातले ते आयकॉन हवे तसे लावू देणारा छोटा प्रोग्रॅम, आवडलं नाही एवढंच म्हणाला असतात, तर मी वादच घातला नसता. पण रिकामटेकडे? आम्हाला ओळखता तरी का तुम्ही?

माझी उमेदीची वर्षं कंपोझिंगच्या टेबलावर गेली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं विंडोज एक्सपीवर. गिऱ्हाईक "झालं का?" म्हणत डोक्याशी उभं. अशा वेळी पेनड्राइव्ह काढायचा तो हिरव्या बाणाचा आयकॉन काल घड्याळाला लागून होता, तर आज अँटिव्हायरस आणि प्रिंटरच्या मधे कुठेतरी. सोळा बाय सोळा पिक्सेलचं चित्र! आमचे वयस्कर ऑपरेटर चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावायचे, शेवटी वैतागून ड्राइव्ह तसाच उपटायचे. मग फाइल करप्ट झाली की बोलणी मला.

यात ऑपरेटरचा आळस कुठे आला? एक्सपीत आयकॉन बसतात ते प्रोग्रॅमने नोंद केल्याच्या क्रमाने, आणि मशीन सुरू होताना कोण आधी पोचेल याचा नेम नसतो. मधेच एक्सप्लोरर (टास्कबार दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) कोसळून परत उभा राहिला, की तो 'टास्कबारक्रिएटेड' असा निरोप सगळ्यांना धाडतो आणि जो तो पुन्हा जमेल तसा येऊन बसतो. माउसने जागा बदलायची सोय तिथे नव्हतीच. टास्कबार शफल ती देतं : कंट्रोल दाबून आयकॉन ओढायचा, हवा तिथे सोडायचा. मग हात सवयीने बरोबर जागी जातो. याला रिकामटेकडेपणा म्हणायला धाडस लागतं.

विंडोज 7 मध्ये ही सोय आयतीच आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण 7 ला किमान 1 जीबी रॅम लागते. आमच्या मशीनमध्ये 512 एमबी होती, आणि मराठी फाँटच्या पॅकेजचं जुनं डोंगल (ते लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही असं किल्लीवजा उपकरण) नव्या विंडोजवर चालेना. नवं मशीन घ्या म्हणायला तुमचं काय जातं?

रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली, आयकॉनस्ट्रीम्स ही नोंद उडवा, असा तुमचा सल्ला. त्याने जुन्या आयकॉनांची यादी साफ होते, क्रम लागत नाही. आधी करून बघा, मग सल्ला द्या. एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट, 8 एप्रिल 2014 ला संपला हेही ठाऊक आहे. त्या मशीनला नेटची वायरच नाही. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही.

चूक दाखवायची तर खुशाल दाखवा. पण आमच्या ऑपरेटरांना रिकामटेकडे म्हणू नका. लग्नसराईत त्यांना जेवायला उसंत मिळायची नाही.