दारू भिजली हे लिहायचं नाही?

नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद. शाळेच्या पुस्तकात आपल्या वीरांच्या मोहिमांतल्या चुका कशाला छापायच्या, मुलांचा अभिमान खचतो म्हणे. आणि वर हमखास येणारं वाक्य: "अमेरिकेत बघा, कोणी आपल्या वीरांचं असं उणंदुणं काढतं का?"

काढतात. जर्सी सिटीत एक्स्चेंज प्लेस स्टेशनला पाथ या लोकल गाडीतून उतरून जरा चाललं की पॉलस हुक लागतं. 1779 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, इथे इंग्रजांचं ठाणं होतं, आणि हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये त्यांचं मुख्य लष्कर. 19 ऑगस्टच्या पहाटे त्या ठाण्यावर छापा घातला अमेरिकन सैन्यातल्या हेन्री लीने. वय तेवीस, हुद्दा घोडदळाचा मेजर. पण वाट दलदलीची, घोडी काय कामाची? छापा पायीच. मध्यरात्र उलटताच पोचायचं होतं. वाटाड्याने रानात भरकटवलं, सोबतच्या व्हर्जिनियाच्या शिपायांतले निम्मे मागे तुटले. चारच्या सुमारास पोचले तर भरती चढायला लागलेली. खंदकातून छातीभर पाण्यात उतरले आणि सगळ्यांची बंदुकीची दारू भिजली. मग नुसत्या संगिनी. 158 कैदी धरले, लीचे दोन मेले, तीन जखमी. पण कोरडी दारू नाही म्हणून तोफा निकामी करता आल्या नाहीत. बराकी जाळायच्या होत्या, पण आत आजारी शिपाई, बायका, मुलं होती, सोडून दिल्या. ठाणेदार मेजर सदरलँड काही हेसियन (इंग्रजांनी भाड्याने आणलेल्या जर्मन) शिपायांसह छोट्या बुरुजात शिरून बसला, तो हाती लागलाच नाही. परतताना हॅकनसॅक नदीवर ठरलेल्या होड्या गायब: उजाडलं तरी कोणी येईना म्हणून हलवलेल्या. मग कैद्यांसकट न्यू ब्रिज या पुलापर्यंत पायपीट.

बक्षीस काय? आधी कोर्ट-मार्शल. घोडदळाचा पोरगा पायदळाच्या डोक्यावर बसला हे सहकाऱ्यांना खुपलं होतं. निर्दोष सुटला, आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सुवर्णपदक दिलं. त्या युद्धात जनरलच्या खालच्या हुद्द्यावर ते मिळालेला सैन्यातला हा एकटाच.

महिनाभर आधी याच लीने पळपुट्या शिपायाचं मुंडकं छावणीत पाठवलं होतं. सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने खरडपट्टी काढली. धड शत्रूच्या हाती लागू नये म्हणून लगेच पुरायला लावलं. तेही इथे छापलेलं आहे.

रिचमंडमधला त्याच्या मुलाचा, यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सेनानी रॉबर्ट लीचा, पुतळा 2021 मध्ये उतरवताना किती कडाक्याचं भांडण झालं ते मी ग्रुपवर टाकत नाही. सोयीचं तेवढंच सांगतोय म्हणाल, तर म्हणा. आणि खरं सांगायचं तर पॉलस हुकच्या ओबेलिस्कपाशी, म्हणजे तिथल्या स्मारकस्तंभापाशी, पाटी वाचत उभा राहणारा बहुधा माझ्यासारखा उपराच असतो. इथल्यांची कुत्री फिरवायची वेळ असते, त्यांना हा इतिहास पाठ असल्याचं दाखवावं लागत नाही.

पण मुळात हे अमेरिकेकडून शिकायचं कारणच काय? पानिपतची रसद कुठे तुटली, बाजारबुणगे का नेले, सूरजमल जाट का फिरला, यावर मराठी माणूस अडीचशे वर्षं कडकडून भांडतोय. भाऊसाहेबांचा मान त्याने तसूभरही कमी झाला नाही. मग आताच कोणाचा अभिमान एवढा नाजूक झाला?